पोह्यांनंतरचं इंग्रजी

रविवारी सकाळी ओट्यावर चपला जमू लागल्या की शालिग्राम सरांची बायको ताईबाई स्वयंपाकघरातून हाक देत, "अहो, आले तुमचे स्वल्पविराम! चहा ठेवू का?"

शालिग्राम सरांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. जन्मभर त्यांनी जळगावच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, पण कुणाशी इंग्रजीत बोलायची वेळ आली की त्यांच्या घशाला कोरड पडे. मराठीतही फारसं वेगळं नव्हतं. बाजारात ओळखीचा माणूस समोरून दिसला, तर आता काय बोलावं या धास्तीने ते रस्ता ओलांडून पलीकडे जात. पुस्तकांत तेवढा त्यांचा जीव रमे. कुणाला काही सांगितलं तरी दिवसभर त्यांना वाटत राही, आपण बरोबर सांगितलं ना? मग कपाटातलं व्याकरण काढून ते पुन्हा पाहत, आणि पाहूनही खात्री होत नसे.

या शंकेखोर स्वभावामुळेच असेल, शिकणाऱ्यांना त्यांचा धाक वाटत नसे. रविवारी पुढच्या खोलीत सतरंजी पडे आणि ज्याचं जिथे अडलं ते तो विचारी. एसी दुरुस्तीचं काम करणारा मोईज मस्कतला अर्ज करत होता. तो बसण्याआधीच सुरू करी.

"सर, पहले ये बताओ, 'डिअर सर' के बाद कॉमा मारना के नहीं? मेरा मामू बोलता, नहीं मारा तो वो लोग फाईल ही फेंक देते."

"फेंकेंगे नहीं बाबा," सर म्हणत. "लेकिन मार दे."

सगळ्यात जास्त प्रश्न असत डिंपलचे. ती असोद्याहून बसने येई. जळगावातल्या एका बालवाडीत ती शिकवायची, आणि आठवडाभर मुलांना शिकवताना जे जे अडलं ते मनात साठवून आणायची. इतर मुली आधी मान खाली घालत, मग "चुकलं तर हसू नका हं" म्हणत, मग विचारत. डिंपलला असली प्रस्तावना माहीतच नव्हती.

"सर, तुमी म्हनता नदीच्या नावाआधी 'द' लावायचा. मंग तापीले 'द' आन् आमच्या असोद्याले काहून नही? आमचं गाव काय कमी आहे का?"

सतरंजीवर हशा पिकला. सरही हसले. मग चष्मा काढून म्हणाले, "नियम सांगता येईल. पण नियम तसा का, ते मला माहीत नाही. पाहून सांगतो."

"नही सापडलं तर?"

"तर नाही सापडलं असं सांगतो."

जन्मभराच्या नोकरीत जो आनंद वर्गात क्वचित मिळाला होता, तो सरांना त्या सतरंजीवर मिळत होता. चूक करायला न भिणारं माणूस किती दुर्मीळ असतं, हे इंग्रजीच्या मास्तराइतकं कुणाला ठाऊक असणार?

सरांची ओळख मात्र दुसऱ्याच कामासाठी पसरत चालली होती.

त्या भागात मुलगी पाहण्याची एक नवी रीत रुजली होती. हुंडा कोणी तोंडाने मागत नाही, म्हणून आपण सुधारलो, असं जो तो छाती पुढे काढून सांगत होता. पोरगा पुण्याच्या कंपनीत लागला की बाप म्हणे, आम्हाला सोनं नको, नाणं नको, फक्त मुलगी इंग्रजी बोलणारी पाहिजे. आणि ते तपासायला मुलाकडचे लोक एखादा इंग्रजीचा मास्तर गाडीत घालून नेत. बैलबाजारात जनावराचे दात पाहायला जाणता माणूस सोबत नेतात, तसा. आधी पोहे, मग चहा, मग इंग्रजी. मुलींच्या बापांनी त्यावरही तोड काढली होती. गावोगावी निघालेल्या क्लासांत मुलींकडून आठ-दहा वाक्यं घोकून घेतली जात. त्यामुळे रावेरपासून धरणगावपर्यंतच्या सगळ्या मुलींचे छंद एकच होते: कुकिंग आणि म्युझिक.

केळीचे मोठे बागायतदार चुडामणभाऊ सरांना पहिल्यांदा घेऊन गेले, ते धरणगावला. त्यांचा मुलगा भूपेंद्र पुण्यात नोकरीला होता. "सर, तुमी फक्त बसा. चार प्रश्न इचारा. आमाले काय समजतं त्यातलं?" एवढंच ते म्हणाले आणि सर "बरं" म्हणून बसले. त्यांना नाही म्हणता येत नसे.

धरणगावची मुलगी अंगाने बारीक होती. ट्रे ठेवून ती समोर बसली. तिचं नाव सरांना कोणी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. त्यांनी तिला विचारलं, तू इथे कधीपासून राहतेस? तिने पाठ केलेल्या वाक्यांत हा प्रश्न नव्हता. ती अडखळत म्हणाली, "आय अ‍ॅम लिव्हिंग इन धरणगाव सिन्स बर्थ."

"अंहं," सर म्हणाले.

हायस्कुलातली ती त्यांची जुनी सवय. वर्गात त्या 'अंहं'चा अर्थ 'थांब, पुन्हा बघ, जमेल तुला' असा असे. त्या खोलीत त्याचा अर्थ वेगळा झाला. भूपेंद्रचा मामा उखर्डू, धुळ्याचा माणूस, टाचणीने दात कोरत बसला होता. त्याने मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "नापास! पडनी पोरगी!" सगळे हसले. मुलीचा बापही हसला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही. मामाच्या दुसऱ्या हातातला मोबाईल सगळा वेळ मुलीच्या तोंडावर रोखलेला होता, हे सरांनी पाहिलं. पण आजकाल सगळेच मोबाईल धरतात, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

पुढच्या रविवारी डिंपल आली ती मोबाईल पुढे करूनच.

"सर, एक शंका आहे. हा व्हिडिओ बठ्ठीकडे फिरू राह्यला. सगळे हसू राह्यले. यात चूक कुठी आहे ते समजाडा."

सतरंजीवर डोकी एकत्र आली. 'सिन्स बर्थ' ऐकू आलं, त्यामागून ते 'अंहं', आणि मग पुरुषांचं ते हसणं. खाली कोणीतरी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारी पिवळी तोंडं डकवली होती.

"अरे, ये 'अंहं' तो अपने..." मोईज म्हणाला. त्याने मान खाली घातली.

डिंपलने सरांकडे पाहिलं. सरांनी पंख्याकडे.

"ही माह्या मैत्रिणीची मावसबहीण," डिंपल हळूच म्हणाली. "कॉलेज सोडलं तिनं. बाहेर निघाली का गल्लीतले लेकरं 'सिन्स बर्थ, सिन्स बर्थ' ओरडतात. आता घरात मराठीबी बोलत नही म्हने."

तिने मोबाईल पर्समध्ये टाकला. चूक कुठे आहे हे पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी कोणीच काही विचारलं नाही. चहा झाला, माणसं उठली. त्यानंतरच्या रविवारी डिंपल आली नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही.

सरांनी ताईबाईंना सगळं सांगितलं. सांगताना त्यांना स्वतःच्याच आवाजाची शिसारी येत होती.

"मग त्या चुडामणभाऊंना सांगून टाका, पुन्हा येणार नाही म्हणून," ताईबाई म्हणाल्या.

सरांनी ते वाक्य तयार केलं. आंघोळ करताना म्हणून पाहिलं, फिरायला जाताना म्हणून पाहिलं. चुडामणभाऊ केळीचा घड घेऊन स्वतः दारात आले तेव्हा ते ओठांवर होतं.

"सर, या खेपी असोद्याले जायचं. हेमराज भाऊची पोरगी. घरानं चांगलं आहे. तुमच्याशिवाय आमचं पान हालत नही."

"मी... तो व्हिडिओ..." सर म्हणाले.

"अहो, गंमत हो ती! उखर्डू मामाले सवयच आहे. गाडी पाठवतो सकाळी."

"बरं," सरांच्या तोंडून गेलं.

चुडामणभाऊ गेल्यावर ताईबाईंनी घड उचलून कोपऱ्यात ठेवला. "'नाही' हा शब्द तुम्हाला इंग्रजीत तरी येतो का हो?"

सरांनी स्वतःची समजूत घातली. आपण गेलो नाही तर ते दुसरा कोणी कडक मास्तर नेतील. आपण सोपं विचारू. मुलगी सुटेल. भित्र्या माणसाला आपला भित्रेपणा दयेसारखा दिसायला फार वेळ लागत नाही.

गाडीत मामा पुढे बसला होता. "मास्तर, आज जरा अवघड इचारजात," तो मागे वळून म्हणाला. "मांगली पोरगी तं सोपामाच पडनी. तिना व्हिडिओ बठ्ठास्नी देखा. हासी हासी पोट दुखनं." भूपेंद्र मोबाईलमध्ये डोकं घालून होता. तो वर न बघता हसला.

हेमराजभाऊंचं घर साधं, नुकतंच रंगवलेलं होतं. पाहुण्यांसाठी शेजारच्या खुर्च्या आणल्या होत्या. आतल्या दारात मुलीची आई लताबाई पदर सावरत उभी होती. पोहे आले. वर शेव, कडेला लिंबाची फोड. मामाने बशी तोंडाजवळ धरून खायला सुरुवात केली. त्याच्या मिशीला पोह्यांचे कण चिकटले, आणि त्याच बोटांनी तो मोबाईलची काच पुसून तयार ठेवू लागला. सरांचा घास तोंडातच फिरत राहिला.

मग मुलगी आली. ट्रे घेऊन, साडीत, मान खाली घालून. सरांना आधी फक्त बांगड्या दिसल्या. तिने चहा पुढे केला आणि मान वर केली.

ती डिंपल होती.

तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य आलं, आणि लगेच गेलंही. उरलं ते पाहून सरांना खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. तो राग नव्हता. घरी भाजी विकायला आलेल्या माणसाकडे पाहावं, तसं तिने पाहिलं.

"बस बाई," चुडामणभाऊ म्हणाले. "घाबरू नको. सर लई प्रेमळ आहेत. चला सर, चालू करा."

मामाचा मोबाईल वर गेला.

"सो, टेल मी अबाऊट युवरसेल्फ," भूपेंद्र मध्येच म्हणाला आणि आपल्या बापाकडे पाहून हसला.

"तू थांब. सरायले इचारू दे."

सरांच्या मनात एवढंच होतं की सोपं विचारावं. त्यांनी विचारलं. तू रोज सकाळी काय करतेस, याच अर्थाचं साधं वाक्य. पाचवीच्या मुलालाही यावं असं. बोलताना आपल्याला तिच्या डोळ्यांत पाहता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं.

डिंपल गप्प.

"समजलं नसेल. पुन्हा इचारा," चुडामणभाऊ म्हणाले.

सरांनी पुन्हा विचारलं. डिंपल गप्पच.

"बोल ना, बेटा," हेमराजभाऊ खुर्चीच्या कडेवर आले. "रविवारी रविवारी जात होती ना जळगावले? आता काय झालं? बोल."

"हिले तं काहीच येत नही!" मामा खूश होऊन म्हणाला. त्याने मोबाईल आणखी पुढे नेला, अगदी तिच्या नाकाजवळ. "बोल वं बाई. एक शब्द तरी बोल. निदान 'यस' म्हन!"

भूपेंद्रला हसू आवरेना. चहाच्या कपाआड त्याचे खांदे हलत होते. लताबाईंनी दाराची चौकट घट्ट धरली होती.

डिंपलने मोबाईलकडे पाहिलंच नाही. ती सरांशी बोलली, आणि तिचा आवाज नेहमीसारखाच होता. सतरंजीवर बसून शंका विचारावी तसा.

"सर, तुमच्या घरी माहं चुकलं, का तुमी म्हनायचे, चुकू दे, चुकलं तरच शिकशील. मले एक समजाडा. इथी चुकलं तर काय व्हतं?"

 हा प्रश्न खरा होता आणि मुलगी उत्तराची वाट पाहत होती. आजवर सरांनी तिच्या कुठल्याही प्रश्नाला खोटं उत्तर दिलं नव्हतं. 'पाहून सांगतो' म्हणायचीही सोय नव्हती, कारण हे त्यांना माहीत होतं.

"इथे चुकलं," सर म्हणाले. मग ते पाणी प्यायले. "इथे चुकलं तर हे लोक हसतात. मग ते गावाला दाखवतात. धरणगावच्या मुलीचं दाखवलं. ती आता घराबाहेर पडत नाही. तिला मी 'अंहं' म्हणालो. तो आवाज माझाच आहे."

"सर, हे काय काढलं मधीच?" चुडामणभाऊंच्या कपाळावर आठ्या पडल्या.

सर उभे राहिले. उभं राहून पुढे काय करायचं ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं. समोर मोबाईल होता, म्हणून ते मोबाईल आणि डिंपल यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले.

"मी माझा प्रश्न परत घेतो," ते म्हणाले. "आणि यापुढे कुठल्याही मुलीला असा प्रश्न विचारणार नाही. तुम्ही दुसरा मास्तर आणाल. आणा. पण मी सांगत फिरेन, तुम्ही काय करता ते."

"प्रश्न वापस लेस? वा रे मास्तर!" मामा उठून त्यांच्या खांद्यावरून मोबाईल पुढे काढायला पाहू लागला. सरांनी हात वर धरला. त्यांचा तळवा मोबाईलच्या पुढून खाली आला नाही. "आरे सरक ना, म्हतारा!"

"मामा, असू द्या," भूपेंद्र पुटपुटला. आता त्याला हसू येत नव्हतं. चित्रण चालू होतं, आणि त्यात तोही येत होता.

चुडामणभाऊ उठले. "हेमराज भाऊ, पोरीले वळण लावा आधी. आन् सर, तुमी आमच्या गाडीत आले होते."

"बसने जाईन," सर म्हणाले.

गाडी धूळ उडवत निघून गेली. अर्धवट खाल्लेल्या बशा तशाच पडल्या. एका बशीच्या कडेला मामाची टाचणी होती. लताबाईंनी ती चिमटीत धरून बाहेर उकिरड्यावर टाकली आणि हात राखेने घासले.

हेमराजभाऊंचा सगळा राग सरांवर निघाला. "तुमाले काय अधिकार होता हो? तिनं चार वाक्यं बोलली असती, ते हो म्हनले असते! आता बठ्ठ्या गावात नाव खराब व्हईन माहं. कोन येईन आता?"

 उत्तर दिलं ते लताबाईंनी, पाहुण्यांसमोर कधी तोंड न उघडणाऱ्या बाईने. "हो म्हनले असते, मंग? जलमभर ते इचारतील आन् ही सांगत राहीन. हसाले मोबाईल घरातच राहीन."

हेमराजभाऊ एकेक खुर्ची उचलून शेजारी परत ठेवू लागले.

सर निघताना डिंपल दारात आली. तिने त्यांचे आभार मानले नाहीत, पायाही पडली नाही. "सर, तुमी इथी बोलले ते धरणगावात बोलाले पाहिजे होतं," एवढंच ती म्हणाली. मग थोडं थांबून, "तिचं नाव किरण आहे."

सर मान हलवून चालू लागले. थांब्यावर उन्हात उभे असताना त्यांना सारखं वाटत होतं, आपण जरा जास्तच बोललो का? शब्द नीट होते का? आणि त्याचबरोबर, इतक्या उशिरा, इतकं थोडं बोललो याची किळस. तोंडातली पोह्यांची चव जात नव्हती.

बस आली नाही. हेमराजभाऊंची मोटारसायकल आली. "बसा," ते तुटकपणे म्हणाले.

 जळगावात शिरल्यावर हेमराजभाऊंनी मान किंचित वळवली. "घरी सोडू?"

"नाही. बसस्थानकावर. धरणगावची गाडी पाहतो."

तिथे जाऊन किरणला काय सांगायचं, हे सरांना ठाऊक नव्हतं. ती भेटेल की नाही हेही ठाऊक नव्हतं. तिच्या बापाने दारातूनच परत पाठवलं, तर तेही रास्तच होतं.

स्थानकापाशी ते उतरले. हेमराजभाऊंनी मोटारसायकल बंद केली, पण गेले नाहीत. हँडलवरचं रबर नखाने खरवडत राहिले.

"सर, एक खरं सांगा. आता कोनी नही इथी. येतं का तिले? चांगलं येतं का?"

सरांच्या ओठांवर केवढं तरी आलं. तुमच्या मुलीसारखं विचारणारं माणूस मला जन्मभरात मिळालं नाही, असं सांगितलं असतं तर त्या बापाचं दुःख तिथल्या तिथे हलकं झालं असतं. पण बोलायला तोंड उघडताच त्यांना वाटलं, आपण पुन्हा त्याच खुर्चीत बसलो आहोत, फक्त या वेळी मुलीला पास करायला.

"हेमराजभाऊ, ते मी सांगणार नाही."

"मंग मी कोनाले इचारू?"

"तिला."

"तिले?" ते कडवट हसले. "मले कुठी येतं इंग्रजी?"

"लग्न करायचं आहे का, आणि कुणाशी, एवढंच विचारा," सर म्हणाले. "तुमच्या घरातल्या बोलीत."

धरणगावची गाडी फलाटाला लागत होती. वाहक दारातून ओरडत होता. हेमराजभाऊ त्या गाडीकडे पाहत राहिले, जणू त्यांनाच कुठेतरी जायचं होतं.

"ते आजपावेतो इचारलंच नही," ते म्हणाले, आणि त्यांनी मोटारसायकल असोद्याच्या दिशेने वळवली.